तिल्काचे कोरडे पट्टे

१

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट खरी आहे आणि मी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणजे, त्या बुधवारी मी तापानं फणफणून अंथरुणात पडलो होतो असं आमची ही सांगेल; पण तिचं काय, मला लग्नाच्या दिवशीही ताप होता असं ती सांगते. त्या साली बर्फ एवढा पडला होता की चर्चमध्ये खिडकीतून शिरावं लागे. खरं तर त्या साली बर्फ फारसा पडलाच नाही, तोफांनी पाणी उडवून उतारावर तयार करावा लागला. ते जाऊ द्या. ब्लाझेय खरा आहे, त्याची बायको तिल्का खरी आहे, आणि डोंगर तर तिथं उभाच आहे.

आमच्या ब्रेझिन्कामधली खुर्च्यांची लिफ्ट चार वाजता थांबते. पर्यटक खाली येतात, भाड्याचे बूट परत करतात आणि डोंगर ब्लाझेयच्या ताब्यात जातो. ब्लाझेय राट्राक चालवतो. रणगाड्यासारख्या साखळ्यांवर चालणारं ते लाल धूड, दिवसभरात विस्कटलेला बर्फ विंचरून सकाळपर्यंत सपाट करून ठेवतं. वरचा चढ मात्र इतका उभा आहे की तिथं राट्राकसुद्धा स्वतःच्या बळावर टिकत नाही. बाजूच्या वळणाच्या वाटेनं माथ्यावर जायचं, तिथल्या खांबाला पोलादी दोर अडकवायचा आणि त्याच्या आधारानं खाली-वर करायचं. दोर अंगठ्याएवढा जाड. ताणला की उतारावरून सपकन आडवा फिरतो, आणि अंधार पडल्यावर दिसत नाही. पलीकडच्या खोऱ्यात एका माणसाला तो लागला होता. त्याबद्दल आम्ही जेवताना बोलत नाही. म्हणून लिफ्ट बंद झाल्यावर उतारावर कुणी फिरकायचं नाही, असा नियम आहे.

बुधवार सोडून. बुधवारी डोंगर आमचा. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवायचे. केस एकाच दिशेला झोपलेले असतात, त्यामुळे स्की पुढं सरकते पण मागं घसरत नाही. मग जंगलाच्या कडेकडेनं घाम गाळत व्हिन्सोच्या खानावळीपर्यंत चढायचं, आंबट कोबीचं सूप प्यायचं, पट्टे सोलून कोटात कोंबायचे आणि कपाळावरचे दिवे लावून घसरत खाली यायचं. शहरातले लोक याला खेळ म्हणतात. आम्ही कंजूषपणा म्हणतो.

ब्लाझेय पायथ्याशी यंत्र उभं करून वाट बघतो. खाली येणाऱ्या प्रत्येकानं राट्राकच्या पुढच्या फाळावर काठीनं एकदा ठोकायचं, म्हणजे मी पोचलो. सगळ्यात शेवटच्यानं दोनदा, म्हणजे मागं कुणी नाही. शेवटचे नेहमी युलो काका, कारण ते सूप दोनदा घेतात. काकांची ती टणटण ऐकल्याशिवाय ब्लाझेयनं दोराला कधी हात लावला नाही. कागदावर यातलं काही नाही. पण आमचे जीव त्या ठोक्यांवर टांगलेले असतात.

२

तिल्का पूर्वी यात नव्हती. लेक ब्रातिस्लावाला राहायला गेली आणि घर एकदम मोठं झालं, तेव्हा तिनं कुणाच्या तरी जुन्या स्की आणल्या, कपाटातून लाल कोट बाहेर काढला आणि एका बुधवारी आमच्या रांगेत येऊन उभी राहिली. ब्लाझेयला बरं वाटलं. काम आटपून तो जेवायला बसला की ती मागून यायची आणि बाहेर बर्फात गार केलेले हात त्याच्या कॉलरमध्ये घालायची. तो शिव्या द्यायचा. हे लग्नापासूनचं. त्या शिव्यांसाठीच ती हात गार करून आणते असं तो म्हणायचा, आणि सांगताना त्याचे कान लाल व्हायचे.

बुधवारी संध्याकाळी आमच्या प्रत्येक घरात चुलीवर दोरी बांधलेली असते आणि तिच्यावर पट्टे वाळत असतात. ओल्या कुत्र्यासारखा वास येतो. ब्लाझेयच्या घरीही यायचा. मग एका बुधवारी आला नाही.

त्यानं दोरीवरचे पट्टे बोटांनी चाचपले. कोरडे. नुसते वाळलेले नव्हेत. बर्फ ज्यांना शिवलाच नाही असे, दुकानातून आणल्यासारखे करकरीत. ब्लाझेयनं आधी स्वतःशीच वकिली केली. खानावळीत शेकोटी आहे, तिथं वाळवले असतील. बर्फ कडक असेल. पण कडक बर्फावरही पट्टे भिजतात, हे त्याला कोण सांगणार, तोच इतरांना सांगायचा. तिल्का पाठमोरी उभी राहून बटाटे सोलत होती. चढ कसा होता, त्यानं विचारलं. छान होता, ती म्हणाली, युलो काकांनी पुन्हा दोनदा सूप घेतलं.

घेतलंच होतं. त्या दिवशी तिनं हात कॉलरमध्ये घातले नाहीत, हे अंथरुणावर पडल्यावर ब्लाझेयच्या लक्षात आलं.

३

पुढच्या बुधवारी तो काचेला नाक लावून बसला. दिवे एकामागोमाग खाली आले, ठोके पडले. तिल्काचाही पडला, लाल कोट, काचेवर एक टिचकी, आणि ती घराकडं वळली. पण उतारावर तिचा दिवा त्याला दिसला नव्हता. ती दिव्यांच्या रांगेतून आली की भाड्याच्या बुटांच्या शेडमागून, हे त्याला छातीठोक सांगता येईना.

काकांची टणटण झाल्यावर तो यंत्र घेऊन वर निघाला, तो खाली वाकून, माग बघत. तिचा माग ओळखणं अवघड नव्हतं. तिच्या डाव्या काठीच्या टोकाची चकती जानेवारीत तुटली होती आणि नवी घ्यायला ती तयार नव्हती, त्यामुळे डाव्या बाजूला बर्फात सुईनं टोचल्यासारखी खोल भोकं पडायची. ती भोकं जंगलाच्या कडेनं वर गेली होती. म्हणजे ती चढली होती. ब्लाझेयच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि खानावळ मागं पडताच पुन्हा चढला. बाकी सगळ्यांचे माग खानावळीच्या दाराशी वळले होते. तिचा सरळ पुढं गेला होता, उभ्या चढावर, माथ्याकडं. खाली उतरल्याची एकही रेघ नव्हती. उतरताना तिच्या वळणांना डावीकडं आकड्यासारखा एक बाक पडतो. तो त्यानं सगळ्या उतारावर शोधला.

चढली, पण उतरली नाही. आणि घरी मात्र पोचली. याचा एकच अर्थ होऊ शकत होता, आणि त्या अर्थाला दाढी होती व बर्फावर चालणारी स्कूटर होती. व्हिन्सोवर गावातल्या अर्ध्या नवऱ्यांचा संशय आहे, आणि उरलेल्या अर्ध्यांनी घ्यावा अशी व्हिन्सोची इच्छा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ अडवायचं कुंपण बघण्याच्या निमित्तानं ब्लाझेय खानावळीत जाऊन बसला. हवापाणी झालं, बोरोविच्का दारूचा एकेक पेला झाला, मग त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुझी बायको?" व्हिन्सो म्हणाला. "ती माझ्या दारात पाऊल ठेवत नाही, बाबा. माझं सूप तिला खारट लागतं."

"मग वर येऊन करते काय?"

"जाते पुढं. खिडकीतून मला हात करते आणि जाते. मला वाटलं तुमचं वाजलंय, एकटं राहायचं असेल तिला."

"आणि परत येताना?"

व्हिन्सोचं फडकं पेल्यावर थांबलं. "परत येताना मी नाही पाहिलं कधी. माझी भांडी असतात." मग थट्टा न करता, "खाली ती ठोकते ना? मग झालं की."

खोटं बोलणारा माणूस एवढं कमी बोलत नाही, असं ब्लाझेयला वाटलं. व्हिन्सो खोटं बोलत असता तर बरं झालं असतं, असंही वाटलं. बाहेर येऊन त्यानं स्कूटरची बर्फातली खूण बघितली. ती खानावळीपासून खाली गावाकडं गेली होती. माथ्याकडं गेलेली नव्हती.

४

त्यानं ती वरची पट्टी, म्हणजे माथ्याखालचा उभा चढ, विंचरणं सोडून दिलं. पुरावा होता तो. दर बुधवारी तिचा एक नवा माग तिथं जुन्याच्या शेजारी पडायचा, नांगराच्या तासासारखा, आणि सगळे वर तोंड करून. गुरुवारी उजेडात तो तिथं उभा राहून बघायचा. माग माथ्यावरच्या खांबापर्यंत जायचे आणि खांबाच्या पुढं कठीण बर्फात पुसट व्हायचे. शेवटचा माग सगळ्यात उथळ होता. चढणारीचं वजन कमी होत चालल्यासारखा. हा विचार त्याला आवडला नाही. वाऱ्यानं भरला असेल, असं त्यानं ठरवलं.

घरी सगळं ठीक होतं, हेच बिनसलेलं होतं. तिल्का चांगली वागत होती. पूर्वी ती दारं आपटायची, आता लोटायची. लेकीशी फोनवर हसून बोलायची. केक तर असा करायची की मी स्वतः दोनदा निमित्त काढून गेलो. पण ब्लाझेयच्या हाताला तिचा हात लागला की तो गरम असायचा, बुधवारच्या गारठ्यातून आल्यावरसुद्धा. भाकरी नुकतीच तव्यावरून उतरवावी तसा.

आणि बुधवारी ती एक प्रश्न विचारायची. आधी त्याला तो काळजीचा वाटला होता.

"वरची पट्टी केलीस का रे?"

"राहिली."

"का राहते?"

"बर्फ बरोबर नाही."

"दोर लावून कर की," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात डावभर जास्त वाढलं. "आम्ही सगळे खाली येतोच. वर कोण असतं?"

ब्लाझेय जेवत राहिला. तो तिला पाठीमागून बघत होता आणि आपल्याला नक्की कशाचा संशय आहे हे त्याला स्वतःलाच कळत नव्हतं. बायकोचा यार असतो, हे माणसाला कळतं. बायकोच्या जागी बायको असते, हे कुणाला विचारायचं? पाद्र्याला विचारावं तर तो दारू कमी कर म्हणणार. मला विचारलं असतं तर मी ही गोष्ट तेव्हाच गावभर केली असती, म्हणून विचारलं नाही.

५

मग मॅनेजरनं त्याला बोलावलं. शाळांच्या सुट्ट्या लागणार होत्या, गर्दी येणार होती, आणि माथ्याचा चढ नांगरलेल्या शेतासारखा दिसतो अशा तक्रारी होत्या. या बुधवारी ती पट्टी झाली पाहिजे, नाहीतर पोप्राडहून एक नवा ड्रायव्हर यायला तयार आहे, असं तो अगदी गोड आवाजात म्हणाला. ब्लाझेय हो म्हणाला. या वयात दुसरं काय म्हणणार.

त्या बुधवारी दिवस मावळायच्या आधीच धुकं उतरलं. चढणारे कमी होते. ब्लाझेयनं जाणाऱ्यांत तिल्काला पाहिलं, नीट पाहिलं. जंगलाच्या कडेला शिरताना तिनं एकदा वळून राट्राककडं बघितलं. ती दमलेली दिसत होती, पहिल्याच पावलाला. तिला हाक मारावी असं त्याच्या मनात आलं. पण काय म्हणून हाक मारायची ते सुचेपर्यंत ती झाडांत गेली होती.

नंतर दिवे खाली आले. ठोके पडले. तिल्का काचेशी आली, या वेळी तिनं काच खाली करायला लावली. गाल लाल नाहीत, श्वास लागलेला नाही.

"काका येताहेत मागून. वर कुणी नाही," ती म्हणाली. "सुरू कर आता. मी सूप गरम करते."

काका आले. टणटण झाली. ब्लाझेयनं काकांना थांबवून विचारलं, वरून येताना कुणी दिसलं का. काका म्हणाले, "अरे, मला माझी स्की दिसत नव्हती या धुक्यात. सगळे तुझ्यासमोर ठोकून गेले ना? तुझा तूच मोज." आणि गेले.

६

खानावळीचे दिवे मालवले होते. तिथून वर फक्त राट्राकचा उजेड आणि त्यात धुकं. सुईची भोकं उजेडात एकेक करून येत राहिली, ताजी, काठाला बर्फाचा चुरा अजून सैल असलेली. ब्लाझेय खांबापाशी पोचला, दोराचा आकडा हातात घेऊन उतरला, आणि मग त्याला काय वाटलं कोण जाणे, पुन्हा आत चढून त्यानं इंजिन बंद केलं.

शांतता इतकी की कान दुखावेत. मग त्या शांततेत आवाज. पट्टे लावलेली स्की बर्फावर ओढली जाते तेव्हा जो येतो तो: सर्र, आणि टाचेचा टक. सर्र, टक. आम्ही सगळे तो झोपेतही ओळखू. थकलेल्या माणसाचा, एकेका पावलाला विसावणारा. तो आवाज वरून येत होता.

आता खांबाच्या वर म्हणजे काय आहे ते तुम्हाला सांगायला हवं. चार हात बर्फ आहे, आणि मग डोंगर संपतो. पलीकडं कडा आहे, आणि खूप खाली दुसऱ्या गावाचे दिवे.

ब्लाझेयनं वरचा फिरता दिवा तिकडं वळवला. धुक्याला क्षणभर फट पडली. लाल कोट. पाठ आणि खांदे यांच्यावर हिम साचलेलं, झाडाच्या बुंध्यावर उत्तरेकडच्या बाजूला साचतं तसं, एका संध्याकाळचं नव्हे. डाव्या काठीला चकती नाही. ती चढत होती. डोंगर जिथं संपतो त्याच्या पुढं, त्याच चढानं, तशीच वर. आणि तिच्या स्कीच्या खालून, फार खालून, दुसऱ्या गावाचे दिवे लुकलुकत होते.

ती थांबली. वळली नाही.

"अजून किती राहिलंय?" तिनं विचारलं.

त्याच वेळी सीटवरचा फोन वाजू लागला. ब्लाझेयनं न बघता उचलला.

"दोर अडकवला नाहीस अजून?" तिल्का म्हणाली. मागं चुलीवर काहीतरी रटरटत होतं.

"तुला काय माहीत?"

"यंत्राचा आवाज थांबलाय. खिडकी उघडी आहे माझी." मग मऊ आवाजात, "ये लवकर, म्हाताऱ्या. घर गरम आहे."

धुक्याची फट मिटली. आत पुन्हा सर्र, टक सुरू झालं. ब्लाझेयच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात दोराचा आकडा.

७

त्यानं फोन सीटवर ठेवला, बंद न करता. आकडा बर्फात टाकला. मग दिव्याच्या उजेडात, भोकं चुकवत, तो तिच्या मागानं वर चालू लागला. डोंगरावर थकलेला माणूस जे विचारतो त्याला आम्ही पिढ्यान् पिढ्या एकच खोटं उत्तर देतो, तेच त्यानं दिलं. "थोडंच राहिलंय," तो म्हणाला. "थांब, मी आलो."

सकाळी राट्राक खांबापाशी उभं सापडलं, दार उघडं. वर जाणारे बुटांचे ठसे होते. खाली येणारे नव्हते. वरची पट्टी तशीच राहिली.

८

झालं. आता सांगतो, यातला कुठला भाग माझा. सातवा. तो सगळा मी रचला, एका बैठकीत, आणि मला तो आवडतोही.

ब्लाझेय वर गेला नाही. त्यानं आकडा खांबाला अडकवला. दिवा खाली वळवला, इंजिन सुरू केलं, दोर ताणला आणि पट्टी विंचरली, पूर्ण, कडेपर्यंत. सकाळी ती इस्त्री केलेल्या चादरीसारखी दिसत होती. माझा ताप उतरला होता, मी स्वतः पाहिली. मॅनेजर खूश झाला. पोप्राडचा ड्रायव्हर पोप्राडलाच राहिला. तिल्कानं त्यानंतर बुधवारचं चढणं सोडलं, गुडघ्याचं निमित्त सांगून, आणि तिच्या स्की आता कुणाकडं आहेत मला माहीत नाही. दोघं सुखात आहेत. मी म्हणतो ते खोटं वाटत असेल तर त्यांच्याकडं जाऊन जेवून या.

मी गेलो होतो, ईस्टरनंतर. बोरोविच्का संपत आली तेव्हा ब्लाझेयनं आपणहून हे सांगायला घेतलं, हळू आवाजात, टेबलाकडं बघत. तिल्का चुलीपाशी पाठमोरी उभी होती. तिला ऐकू जात होतं, पण तो थांबला नाही, आणि त्याला थांबवायचं मलाही सुचलं नाही. लाल कोटापर्यंत आला तेव्हा त्यानं पेला बाजूला सारला.

"ती बोलली काही?" मी विचारलं.

"नाही," ब्लाझेय म्हणाला. "एक शब्द नाही. बोलली असती तर मी..."

"बोलली की," तिल्का चुलीकडूनच म्हणाली, वळली नाही. "अजून किती राहिलंय, विचारलं तिनं."

मग तिनं दोन वाट्या भरून आणल्या आणि आमच्यापुढं ठेवल्या. ब्लाझेयनं चमचा उचलला आणि खाली मान घालून सूप प्यायला लागला.